सिंधूच्या विहिरीवरचं मीटर

बसा, बसा. मागं उभे राहू नका, सतरंजी पुरते सगळ्याईले. उंद्रीहून आलेले पाहुणे, इकडं सावलीत या. जेवणाले अजून वेळ आहे.

मायबहिणींनो, भावांनो, मी सुधाकर मिस्त्री. पाण्याच्या मोटारी खोलणारा माणूस. माह्या तोंडच्या शिव्या तुमाले पाठ आहेत, पण भाषण माहं कोणी ऐकलं नाही. मलेही जमत नाही. सरपंच म्हणाले, दोन शब्द बोल. दोन शब्दात माहं भागणार नाही, सरपंच. आज मले बोलू द्या. मधात कोणी थांबवू नका.

आज पारूमायची तेरवी. पार्वताबाई तिचं नाव, पण ह्या गावात तिले त्या नावानं कोणी हाक मारली असंन तर ती फक्त सरकारी कागदानं. अंगणवाडीत मदतनीस होती. इथं बसलेल्या अर्ध्या लोकाईचं नाक तिनं आपल्या पदरानं पुसलं आहे. माहंही पुसलं. रिटायर झाली तर घरी बसन असं वाटलं होतं. बसली का? नाही बसली.

तुमाले आठवते ना, मीटरचा नियम आला तेव्हा काय झालं होतं? ज्याच्या घरची विहीर, त्यानं स्वतःच्या खर्चानं मीटर लावायचं. ठरवून दिलेल्या पाण्याच्या वर पाणी गेलं तर विहिरीले सील, मोटारीचं कनेक्शन बंद. मोठ्या शेतकऱ्याईले काय, त्याईनं आठ दिवसात लावून टाकले. पण ज्याची विहीर म्हणजे खड्डा, अन् शेत म्हणजे दोन वाफे वांगे अन् चार वाफे मिरची, त्यानं काय करायचं? मीटरच्या किमतीत त्याचं घर दोन-तीन महिने चालते. असे सतरा-अठरा घरं निघाले आपल्या गावात. लोक म्हणे, लावू द्या सील, काय व्हायचं ते होवो.

पारूमाय चिडली. म्हणे, "सील लावू द्या काय म्हणता? तुमच्या बायका पाणी आणायले कोठी जातीन, तुमच्या बापाच्या घरी?" अन् तिनं मीटरची भिशी काढली. दर महिन्याले चिठ्ठी, जिचं नाव निघन तिच्या विहिरीले मीटर. मोठ्या घरी स्वतः जाऊन बसायची. चहा प्यायची नाही. म्हणायची, "एका चिठ्ठीचे पैसे तुमचे, अन् नाव दुसऱ्याचं. हो म्हणा, मंग चहा टाका." लोक हो म्हणत, कारण म्हातारी उठतच नव्हती! मंग ती मेहकरले बसनं जायची, अन् मीटर पिशवीत घालून मांडीवर घेऊन यायची. कंडक्टर म्हणे, आजी, पिशवी खाली ठेवा. ही म्हणे, "माहा नातू आहे, खाली कसा ठेवू?"

मंग दुसरी अडचण. आपल्या म्हाताऱ्या बायका मीटर लावू देत नव्हत्या. पाणी मोजलं की आटते म्हणे. आपण धान्याची रास मोजतो तेव्हा पहिल्या मापाले एक म्हणतो का? लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. तर पारूमायनं तेच विहिरीले लावलं. मीटर बसवायच्या आधी घरच्या बाईनं हातानं एक घागर काढायची, "लाभ" म्हणायचं, अन् तुळशीले घालायची. ती घागर मीटरात येत नाही. मंग मी नट आवळायचे. एवढं केलं अन् सगळ्या म्हाताऱ्या गप बसल्या. एकीनं तर मलेच दम दिला, की माह्या विहिरीचं मीटर पहिले काऊन नाही लावलं रे.

हे सगळं तुमाले माहीत आहे. आता जे माहीत नाही ते सांगतो.

शेवटची चिठ्ठी सिंधूची निघाली. टेकाडावरची सिंधू. तिचा नवरा वीटभट्टीवर, आठ-आठ महिने बाहेर. ती अन् तिची लहान पोरगी, दोघीच राहतात. सासू होती, ती मागच्या साली दुखण्यानं गेली. सिंधूचं सगळं त्या विहिरीवर आहे. मिरची, वांगे, दोन बकऱ्या. ती विहीर बंद म्हणजे तिनंही पोरगी काखेत मारून भट्टीवर जायचं. पोरीची शाळा तिथंच संपली.

मी मीटर लावलं. लाभाची घागर सिंधूनं आधीच काढली होती. मोटार चालू करून पाह्यली, काटा फिरला, बरोबर. मोटार बंद केली.

काटा थांबला नाही.

पहिले वाटलं, पाइपातलं राह्यलेलं पाणी असंन. बिडी पेटवली. बिडी संपली. काटा फिरूनच राह्यला होता. हळू. एकदम हळू, पण पुढं. मी फ्यूज काढून खिशात घातला. काटा फिरूनच राह्यला. तेवढ्यात गावाची लाईट गेली, पिठाची गिरणी बंद पडल्याचा आवाज मी टेकाडावरून ऐकला. भर दुपार. पान हलत नव्हतं. मोटार थंड. अन् मीटरातून बारीक आवाज, टिक, टिक, जसं कोणी आतून नखानं वाजवून राह्यलं.

तीस वर्षं झाले मले ह्या धंद्यात. मी भुतं मानत नाही. पण त्या दिवशी माह्या पाठीतून पाणी गेलं. खोटं काऊन सांगू?

दुसऱ्या दिवशी मीटर बदललं. तेच. सिंधूनं मले विचारलं, "काका, कोण पाणी भरून राह्यलं हो?" म्हटलं, मीटर खराब आहे. अन् तिथून पळालो. पण गावात गप राह्यलो का? नाही राह्यलो. पानठेल्यावर बोललो. बोललो की त्या विहिरीवर कोणीतरी पाणी भरते. बस. एवढंच बोललो. बाकीचं तुम्ही केलं.

हो, तुम्हीच केलं! खाली काऊन पाहता? सिंधूची सासू भरते म्हणे. मेली तरी हौस गेली नाही म्हणे. सिंधूनं तिचे हाल केले म्हणे, म्हणून येते. तिच्या मळ्यातली मिरची बाजारात कोणी हातात घेईना. तिची पोरगी शाळेत पाण्याच्या माठाजवळ गेली की बाकीचे पोरं बाजूले सरकत. अन् सिंधू काय करे? रोज विहिरीच्या काठावर हळद-कुंकू वाहे अन् हात जोडून विचारे, "आत्याबाई, किती पाणी लागते तुमाले? सांगा ना. मी काढून देतो." मी हे स्वतःच्या कानानं ऐकलं आहे. त्या दिवशी मी तिच्या मळ्याच्या धुऱ्यावरूनच परत फिरलो.

मंग मीटर तपासणाऱ्या सरकारी साहेबाची नोटीस आली. ठरवून दिलेल्यापेक्षा पाणी जास्त चाललं. सिंधू म्हणे, मी मोटार चालूच करत नाही हो, दोरानं बादली काढतो. कोण ऐकते? मीटर खोटं बोलत नाही, म्हणे साहेब. तिनं फ्यूज काढून आपल्या ग्रामसेवक भाऊच्या हातात दिला. भाऊ, दिला ना? तरी आकडा वाढतच राह्यला. मंग साहेबानं सील लावायचा दिवस ठरवून दिला. तो दिवस उद्याचा आहे.

पारूमाय माह्या घरी आली. म्हणे, "काऊन रे सुधाकर, मीटर खराब आहे म्हणतो, मंग दोन्ही मीटर एकसारखे खराब कसे?" मी म्हटलं, "माय, ती जागा बरोबर नाही. तू जाऊ नको तिथं." ती हसली. म्हणे, "माह्या वयाले कोणती जागा बरोबर असते?"

दुसऱ्या दिवसापासून ती तिथं जाऊन बसली. निंबाच्या झाडाखाली, प्लास्टिकची खुर्ची टाकून. अकरा दिवस. रोज दुपारी बारा वाजता चष्मा पुसून मीटर वाचे अन् शाळेच्या वहीत लिही. शेवटचे दोन आकडे सोडून देई, म्हणे एवढं बारीक मले दिसत नाही. सिंधू सांगते, माय तासन् तास जमिनीले कान लावून पडून राहे. सिंधूनं विचारलं, काय ऐकू येते? तर म्हणे, "येते ते येते. तू भिऊ नको. तुह्या सासूले मी लग्नापासून ओळखतो, ती असं लपून-छपून पाणी भरणारी बाई नव्हती."

अकराव्या दिवशी संध्याकाळी तिनं वही सिंधूजवळ दिली. म्हणे, "मी आले नाही तर सुधाकरले दे. त्याले म्हण, रोज बारा वाजता मीटरशी ताडून पाह्य." अन् दुसऱ्या दिवशी सकाळी पारूमाय गेली. चुलीसमोर बसल्या बसल्या. हातात काडीपेटी होती.

सिंधू वही घेऊन मौतीतच आली. मी वही उघडली. अकरा दिवसांचे अकरा आकडे होते. अन् त्याच्याखाली पुढच्या दिवसांच्या तारखा टाकून आणखी तेरा ओळी. पुढे आकडे लिहिलेले. ज्या दिवशी ती गेली तिथून आजच्या तारखेपर्यंत. तेरा. त्याच्यापुढं कोरं पान.

तिले कसं माहीत होतं, तेराच ओळी लागतीन? मले विचारू नका. मी तुमाले विचारून राह्यलो.

त्या दिवशी माती देऊन आलो अन् संध्याकाळी टेकाडावर गेलो. बारा वाजून गेले होते, तरी गेलो. दुसऱ्या दिवशी बरोबर बारा वाजता गेलो. वहीत जो आकडा, मीटरवर तोच आकडा. तिसऱ्या दिवशी जुळला. चौथ्या दिवशीही जुळला. मेलेल्या बाईनं लिहिलेलं अन् जित्या मीटरनं दाखवलेलं, एका खुणेचाही फरक नाही. सिंधू माह्या बाजूले उभी राहे, पोरीले पदराआड घेऊन. ती रिकामी खुर्ची तशीच होती निंबाखाली. उचलून ठेवायची हिंमत ना तिची झाली, ना माही.

तुमच्यातला कोणी शहाणा म्हणंन, त्यात काय, रोज सारखंच पाणी जाते तर म्हातारीनं मिळवत मिळवत लिहिलं. बरोबर आहे. रोज सोळाशे लिटर. सोळा-सोळा मिळवत जाणं लहान पोरालेही येते. मीही तेच म्हणून मनाले समजावलं. पण बाराव्या ओळीपर्यंत तिनं सोळा मिळवले, अन् तेराव्या ओळीत मिळवले नाही. तेराव्या ओळीत बाराव्या दिवसाचाच आकडा. तोच, जसाच्या तसा.

ती चुकली असंन? पारूमाय हिशोबात कधी चुकली का? मले वाटलं, तेराव्या दिवशी काहीतरी थांबणार आहे. काय थांबणार? विहीर आटणार? का कोणाचा श्वास? मी घरी बायकोले सांगतलं नाही. पण बारा दिवस पोटच्या पोराईकडे पाहत बसे अन् मनात येई, ह्याच्यातलं कोण?

काल बाराव्या दिवशी दुपारी मीटर पाह्यलं. आकडा जुळला. घरी आलो तर माह्या वाड्यात गडबड. आजच्या तेरवीच्या स्वैपाकाले पाणी लागते, तर माह्या बायकोनं आमच्या खालच्या मळ्यातल्या हौदाले मोटार लावली होती, टँकर भरायले. तुमाले माहा हौद माहीत आहे. उन्हाळ्यातही भरलेला राहते. तुम्हीच म्हणता, सुधाकरच्या हौदाले बरकत आहे. आमची आई त्याले नारळ फोडायची. अन् घरात कोठीच्या तळाचं धान्य जसं आपण कधी खरडून काढत नाही, मूठभर ठेवतोच, तसंच त्या हौदाचं. तळ कधी उघडा करायचा नाही. बरकत जाते. तीस-बत्तीस वर्षात त्या हौदाचा तळ कोणी पाह्यला नव्हता. धुतला नव्हता. मी मिस्त्री, दुनियाचे हौद धुतले, स्वतःचा नाही.

काल पहिल्यांदा तळ दिसला. मी मळ्यात पोचलो तर बायको ओरडली, "अहो, इकडं या."

तळाच्या कोपऱ्यात पाइपाचं तोंड होतं. शेवाळानं काळं. त्यातून पाणी येऊन राह्यलं होतं. बारीक, पण सारखं. मी हौदात उतरलो, बोट घातलं. आत सडलेल्या कापडाची गुंडाळी लागली. ओढून काढली. हिरवं लुगडं, पिवळा काठ. माह्या आईचं.

अन् मले आठवलं. एका क्षणात सगळं आठवलं.

टेकाड अन् खालचा मळा पहिले एकच होता. सिंधूचा सासरा अन् माहा बाप चुलतभाऊ. वाटणी झाली, टेकाड अन् विहीर त्याईले, खालचा मळा आमाले. विहिरीच्या पाइपातून, आता जिथं मीटर आहे त्याच्या पुढून, हौदाकडं एक जोडणी जमिनीखालून होती. बाप मले म्हणाला, ती नळी बंद करून टाक. माह्या आयुष्यातलं पहिलं मिस्त्रीकाम ते. मी काय केलं? पाइप कापायचा सोडून तोंडात आईच्या फाटक्या लुगड्याचा बोळा कोंबला. वरतून चिखल थापला. अन् विसरलो. खरंच विसरलो हो. हे खरं मानायचं की नाही, तुम्ही ठरवा. कापड सडत गेलं, पाणी झिरपत गेलं. ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीनं डिझेल ओढता ना, एकदा लागलं की आपोआप खाली येत राहते, तसं. त्याले मोटार लागत नाही. लाईट लागत नाही. सासू तर मुळीच लागत नाही.

एवढे वर्षं सिंधूच्या घरचं पाणी माह्या घरी येत होतं, अन् आम्ही त्याले नारळ फोडत होतो.

बायको रडायले लागली. मंग म्हणे, "पारूमाय आली होती इथं. जाण्याच्या दोन दिवस आधी. ताक मागायले आली म्हणे, अन् हौदाच्या काठावर बसून राह्यली. हात बुडवून. मी म्हटलं, माय, काय पाहता? तर म्हणे, काही नाही वं, पाणी कोणाचं लागते ते पाहून राह्यले."

म्हणजे तिले कळलं होतं. तिनं मले येऊन चोर म्हटलं नाही. गावातही बोलली नाही. साहेबालेही सांगतलं नाही. तिच्या एका शब्दात सिंधू सुटली असती, अन् मी या गावात तोंड दाखवायच्या लायक राह्यलो नसतो. तिनं फक्त वही लिहिली. मी शोधीन, मीच बंद करीन, अन् मीच उभा राहून सांगीन, एवढे दिवस तिनं मले दिले.

काल तासाभरातच मी पाइप कापला. दोन्हीकडून बूच आवळले. आज बारा वाजता मीटर पाह्यलं. कालचाच आकडा. तेरावी ओळ बरोबर निघाली. कोणत्या दिवशी माहे डोळे उघडतीन ते तिले कसं कळलं, ते मले मरेपर्यंत समजणार नाही. समजून घ्यायची हिंमतही नाही. आत्ताही बोलता बोलता मले वाटून राह्यलं, ती त्या दाराजवळ उभी आहे अन् म्हणते, लवकर आटप रे, लोक उपाशी आहेत.

ग्रामसेवक भाऊ, तुम्ही इथंच आहात. कागद काढा. तेरवीत कागद काढत नाहीत, मले माहीत आहे. तरी काढा. लिहा, की टेकाडावरच्या विहिरीतून जास्तीचं जे पाणी गेलं ते सुधाकर मिस्त्रीच्या हौदात गेलं. दंड त्याचा. सील लावायचं तर माह्या हौदाले लावा. मी सही करतो, अन् माह्यावर भरोसा नसंन तर ह्या सगळ्या गावाची सही घ्या. उद्या साहेब टेकाडावर चढायच्या आधी तो कागद त्याच्या हातात पाहिजे. मी स्वतः बसस्टँडवर उभा राहतो.

आणखी एक. सिंधू, तू तिकडं चपलाईजवळ बसली आहेस. पोरीले मांडीवर घेऊन. मी पहिल्यापासून पाहून राह्यलो. सतरंजीवर तुह्या बाजूले कोणी बसलं नाही, म्हणून तू तिकडं जाऊन बसली. पोरी, तुह्या मेलेल्या सासूवर आळ घेणारा माणूस मी. तुह्या लेकराले माठाजवळ एकटं पाडणारा मी. मी तुह्या पाया पडतो. नाही नाही, उठू नको, पडू दे मले. वयाचं काय घेऊन बसली?

आता तू उठ. इकडं पुढं ये. पारूमायच्या फोटोजवळ पहिले तू उभी राह्य. तिनं शेवटचे अकरा दिवस पोटच्या लेकाले दिले नाहीत, तुले दिले. मानाची जागा तुही आहे.

अन् तुम्ही सगळे. उठा. हिच्या मागं उभे राहा. मागं म्हणतो मी, दूर नाही. बायाईनो, जवळ सरका, आणखी जवळ, तिच्या खांद्याले खांदा लागू द्या. कोणी तिच्या पोरीचं बोट धरा.

हां. असं.

आता दोन मिनिटं कोणी बोलू नका. पारूमाय, माहा नमस्कार घे. चुकलो, माय.